सहा दात, दोन स्क्रू

वय ५४. सावली तालुक्यात धानाची सहा एकर शेती, घराच्या ओसरीत छोटं किराणा दुकान. तोंडात दात २२, गेलेले सहा. खाली उजवीकडे दुसरी उपदाढ आणि तिच्यामागच्या दोन्ही दाढा, खाली डावीकडे पहिली दाढ, वर डावीकडे दुसरी उपदाढ आणि तिला लागून असलेली पहिली दाढ. अक्कलदाढा कधीच्याच काढलेल्या, त्या हिशेबात नाहीत. वीस-बावीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा. साखर आहे, गोळी चालू आहे, 'कधीमधी राहून जाते'.

हा रुग्ण आणि त्याच्या तोंडावरून वाद घालणारे दोघे मी जुळवून उभे केले आहेत. तोंड मात्र इथलंच आहे. मूल-सावली-गडचिरोली रस्त्यावरच्या कुठल्याही दाताच्या दवाखान्यात ते भेटतं. वाद घालणाऱ्यांपैकी काका सावलीत जन्मभर दात काढत, भरत आणि कवळ्या बसवत आलेले. पुतणी नागपूरची, कृत्रिम दंतशास्त्रात एमडीएस केलेली, महिन्यातून दोनदा काकांच्या दवाखान्यात येणारी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि इम्प्लांट (दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) या विषयावर मुळीच जमत नाही.

काका : बस, आणि आधी हे वाच. त्याच्या जावयाने मोबाइलवर पाठवलंय. 'तीन दिवसांत पक्के दात.' त्याला फोनवर सांगितलं की उरलेले बावीसही काढून टाकू, वर-खाली मिळून स्क्रू बसवू, चौथ्या दिवशी मटण खा. चार लाख. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. चार लाख म्हणजे जवळजवळ एकशे एकोणसत्तर क्विंटल धान. सहा एकरांत तेवढं पिकत तरी असेल का?

पुतणी : हे मी करणार नाही, काका. चांगले दात काढून त्या जागी स्क्रू बसवणं याला मी उपचार म्हणत नाही. ज्यांच्या तोंडात एकही दात नाही किंवा सगळेच हलतात, त्यांच्यासाठी चार इम्प्लांटवर एका जबड्याचे सगळे दात बसवायची पद्धत आहे. पोर्तुगालच्या पावलो मालोने ती रुळवली. हा माणूस त्या गटातला नाही. पण तुम्ही या पत्रकाचं निमित्त करून सगळ्या इम्प्लांटांनाच हाकलून लावणार असाल, तर तेही मला पटत नाही.

काका : हाकलतो कुठे? मी एवढंच म्हणून राहिलो की याला सहा काय, एकही इम्प्लांट नको. क्रोम-कोबाल्टची पातळ काढघालीची कवळी देऊ, वर एक ब्रिज. पंचवीस-तीस हजारांत काम होते.

पुतणी : आणि ती कवळी तो वापरेल?

काका : वापरेल ना.

पुतणी : तुमच्या कवळीवाल्यांना बसस्टँडवर मी बघते, काका. लग्नाला आणि फोटोला कवळी घालतात, जेवताना काढून रुमालात बांधून खिशात ठेवतात. तुम्हीच सांगायचात ना, पंगतीत कोणाची तरी पत्रावळीसोबत उकिरड्यावर गेली म्हणून?

काकांनी यावर काही म्हटलं नाही. एकीकडच्या मागच्या दाढा गेल्यावर दिलेली कवळी अडचणीचीच असते. मागे टेकायला दात नसतो, चावताना ती हिरडीत रुतते, उसळते आणि पुढच्या दातांना हिसके देते. पुस्तकात तिला वेगळं प्रकरण देतात आणि रुग्ण तिला सरळ खिशात टाकतात. पण काकांचा भाता एवढ्यावर संपणारा नव्हता.

काका : बरं, कवळीही नको. काहीच देऊ नको. नेदरलँड्समधल्या त्या कायझरचं तुम्हालाच शिकवतात ना? १९८१ चं. वीस दात असले तर माणूस नीट जेवतो, मागच्या दाढा भरून काढायचा अट्टहास नको. जागतिक आरोग्य संघटनाही वीसच दात धरते. जपानने १९८९ पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात अशी मोहीमच चालवली. याला बावीस आहेत. चोपन्नाव्या वर्षी हा जपानपेक्षा पुढे आहे, बाप्पा!

पुतणी : दात मोजलेत तुम्ही. जोड्या मोजा.

हे वाक्य तिने ताठ बसून म्हटलं आणि प्लास्टरची मॉडेलं पुढे ओढली. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही एकमेकांवर ठेवून बोटाने दाखवत गेली. मला या सगळ्या वादात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

कायझरचं म्हणणं होतं की पुढचे दात आणि दोन्ही बाजूंच्या उपदाढा वर-खाली जोडीने भेटत असतील, तर मागच्या दाढांवाचून माणसाचं भागतं. अट जोडीची आहे. आपल्या माणसाचं उजवीकडे काय होतं? वर सगळे दात आहेत, खाली पहिल्या उपदाढेनंतर मैदान मोकळं. म्हणजे उजवीकडे पहिल्या उपदाढेपर्यंतच जोडी. डावीकडे पहिली उपदाढ पहिल्या उपदाढेला भेटते. दुसऱ्या उपदाढेची जोडी तुटलेली, कारण वरची गेली. पहिल्या दाढेची जोडी दोन्हीकडून गेली. अगदी मागे दुसरी दाढ दुसऱ्या दाढेला भेटते. सगळं चावणं चालतं ते त्या एका मागच्या जोडीवर. बावीस दातांचा माणूस भाकर चावताना एका दाढेवर जगतो, आणि खर्ऱ्याचा तोबराही डावीकडेच धरतो. ती जोडी गेली की कायझर त्याच्या कामाचा राहत नाही.

काका : (मॉडेल फिरवून बघत) हे मान्य. उजवीकडे काहीतरी हवं.

पुतणी : म्हणून मी उलटीकडून सुरू करते. आधी मेणाचे दात लावून बघते, जिथे दात हवा तिथे. मग त्या दाताखाली हाड आहे का ते बघते. मग स्क्रू. बाजारात हे नेमकं उलटं चालतं. हाड जिथे दिसलं तिथे स्क्रू, आणि वरचा दात मग लॅबवाल्याने कसातरी जमवायचा.

काका : तेच तर भोगतो आम्ही. परवा एक बाई आली. बाहेरगावी कुठल्याशा शिबिरात दात बसवलेला, कॅप हलत होती. आत स्क्रू, त्यावर षटकोनी खाच. माझ्याकडे त्या मापाचा ड्रायव्हर नाही. कोणत्या कंपनीचा ते तिला माहीत नाही, चिठ्ठी नाही, कार्ड नाही. मी चंद्रपूरला पाठवलं, त्यांच्याकडेही ते माप नाही. शेवटी कॅप कापून काढली. पेच पंपाचाही सापडतो, हा नाही सापडत.

पुतणी : कार्ड देणं माझं काम. कंपनी, जाडी, लांबी, किती जोर लावून बसवला, सगळं लिहून देईन.

काका : नुसतं लिहून नाही. ड्रायव्हर इथे ठेवायचा, या टेबलाच्या खणात.

पुतणी : ठेवीन.

इथवर काका अर्धे वळले होते, पण तोंड किती उघडतं हा खरा कळीचा मुद्दा अजून आलाच नव्हता. इथल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी आणली, पण पन्नीत घोटण्याची सवय त्याने सुटली नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचं काम चालू आहे आणि गावोगाव खर्ऱ्याविरुद्ध बैठका होतात, तरी कुणाच्याही खिशात हात घातला तर पन्नी निघते. सुपारीतल्या आर्कोलीन या द्रव्याने गालाच्या आतली कातडी दोऱ्यांसारखी घट्ट होत जाते. बोट फिरवलं तर पांढरे पट्टे हाताला लागतात. तोंड महिन्यामहिन्याने मिटत जातं. पुस्तकात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि ते कॅन्सरच्या आधीच्या आजारांत मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं. खर्रा सोडला तर आजार पुढे सरकायचा थांबू शकतो. आधीच आवळलेलं मात्र आपोआप मोकळं होत नाही.

काका : तोंड उघडायला लावलंस का त्याला?

पुतणी : लावलं. पुढच्या दातांच्या कडांमध्ये २९ मिलिमीटर. साधारण माणसाचं पस्तीस ते पन्नास असतं. बोटांच्या मापाने सांगायचं तर तीन बोटं जायला हवीत, याची दोनही कशीबशी जातात.

काका : मग मागच्या दाढेत तुझं यंत्र जाईल कुठून?

पुतणी : पहिल्या दाढेपर्यंत जाईल. दुसऱ्या दाढेपर्यंत नाही. हॅण्डपीसचं डोकं आणि त्यात लावलेला ड्रिल, दोन्ही उभे धरायचे असतात. छोट्या ड्रिलने भागवलं तरी मागे तिरका कोन होणारच.

काका : आणि तो गाईड? संगणकावर काढून छापायचा तो प्लास्टिकचा साचा? त्यावर तर तुम्हा लोकांचा फार जीव.

पुतणी : गाईडचे ड्रिल उलट जास्त लांब असतात, कारण ते साच्याच्या नळीतून जातात. तोंड आखडलेल्या माणसाला गाईड मागे चालत नाही. हे विकणारे सांगत नाहीत, पण खरं आहे. पुढे उपदाढेच्या जागी मी गाईड वापरीन, तिथे गरज आहे.

काका : का?

पुतणी : तिथे नस बाहेर पडते. खालच्या जबड्याची नस हाडाच्या आतल्या बोगद्यातून येते आणि उपदाढेच्या आसपास भोकातून बाहेर पडून ओठ-हनुवटीत जाते. काही लोकांत बाहेर पडण्याआधी ती पुढे वळसा घेते. साध्या एक्स-रेवर तो वळसा दिसेलच असं नाही. म्हणून सीबीसीटी लागतो, तिन्ही बाजूंनी दिसणारा स्कॅन. नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखायचंच, नाहीतर ओठ सुन्न होतो आणि कधीकधी तसाच राहतो.

काका : त्याच्या हाडाचं काय?

पुतणी : उंची बरी आहे. पहिल्या दाढेच्या जागी नसेच्या वर अकरा मिलिमीटर, म्हणजे आठ-नऊ लांबीचा बसेल. रुंदीचा प्रश्न आहे. दात काढून सोळा वर्षं झाली. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते, त्यातलं बरंच पहिल्या तीन महिन्यांत. गालाच्या बाजूचं पातळ हाड आधी जातं. याची रुंदी पहिल्या दाढेच्या जागी साडेसहा, उपदाढेच्या जागी सहा. चार मिलिमीटरचा स्क्रू घातला तर दोन्हीकडे एक-सव्वा मिलिमीटर उरतं. जमेल, पण सगळा हिशेब दशांशात आहे.

काका : तो रुग्ण खर्रा खातच राहिला, तर तुझा दशांश कुठे जाईल?

पुतणी थांबली. इथे काकांचा शब्द हलका नव्हता. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास आढळलं आहे. हिरडी आणि स्क्रू यांच्यामधली शिवण नैसर्गिक दाताइतकी घट्ट नसते. तिथे मळ साचला, साखर वाढलेली असली, की हाड वितळू लागतं आणि दुखतही नाही. बरेच जण तेव्हाच येतात, जेव्हा स्क्रू बोटाने हलतो.

पुतणी : म्हणूनच स्क्रू आज नाही. आधी तीन महिने. खर्रा पूर्ण बंद, रोज तोंड उघडायचा व्यायाम, लाकडी काड्यांची चळत करून. लागलं तर गालात इंजेक्शनं. हिरड्यांची खोल सफाई. साखरेचं एचबीएवनसी आज ८.६ आहे, ते सातच्या आसपास यायला हवं. तीन महिन्यांनी तोंड उघडणं तेवढंच राहिलं किंवा गालात नवा पांढरा डाग दिसला, तर इम्प्लांट बाजूला ठेवून आधी तुकडा तपासायला पाठवायचा.

काका : आणि सिकलसेल.

पुतणी : तो कुठून काढलात?

काका : तू नागपूरची झालीस, विसरलीस. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाचं हाड कापायच्या आधी सिकलसेल विचारायचा. वाहक असला, एएस, तर बहुधा काही अडत नाही. पण एसएस असला तर थंडी, पाणी कमी पडणं, ताण, यातलं काहीही दुखण्याचा झटका आणू शकतं. जबड्याच्या हाडातही रक्त अडकतं. हनुवटी सुन्न झाली म्हणून आलेला एक पोरगा होता, दाताला काही झालेलं नव्हतं, रक्त तपासलं तर एसएस. कोणी फुकटात स्क्रू दिला तरी त्याला मी फिजिशियनच्या चिठ्ठीशिवाय हात लावणार नाही.

पुतणी : मान्य. तपासणी लिहिते. पण काका, सिकलसेलवरूनच तुम्हाला एक आठवण करून देऊ? डॉक्टर अभय आणि राणी बंगांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत आरोग्यासाठीच्या 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं तेव्हा आधी सिकलसेलचाच अभ्यास केला. पुढे त्यांनीच सांगितलंय की तो प्रश्न डॉक्टरांना मोठा वाटत होता, लोकांना तो सर्वांत आधीचा वाटत नव्हता, आणि मग लोक काय मागतात ते विचारून काम करायचं ठरलं. तुम्ही या माणसाला विचारलंत का, त्याला काय हवंय? त्याला खर्रा सोडवायला तुम्ही हवेत आणि चावायला मी हवी, एवढंच त्याला कळतं.

काका : विचारलं ना. तो म्हणाला, 'डाक्टरसाहेब, मले उजव्या बाजूनं खाता आलं पाहिजे, आन् रोवण्याच्या आंधी झालं पाहिजे.'

(रोवणं म्हणजे धानाची रोवणी, जुलै-ऑगस्टचा चिखलातला काळ. या भागात त्या दिवसांत दवाखाने रिकामे असतात आणि कंबर-गुडघ्याच्या तक्रारी सप्टेंबरात येतात.)

पुतणी : रोवण्याच्या आधी नाही जमणार. आता मार्च आहे. तीन महिने तयारी, म्हणजे जून. पावसाळ्यात चिखलात वाकून काम करणाऱ्याच्या तोंडात ताजी जखम ठेवायची नाही. धान निघालं, चुकारा आला, की डिसेंबरात स्क्रू. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने. म्हणजे पुढच्या मार्चला दात.

काका : एक वर्ष! आणि ते तीन दिवसवाले?

पुतणी : काही रुग्णांत लगेच दात लावता येतो. टणक हाडात स्क्रू ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या वर घट्ट बसला आणि दातावर भार येऊ दिला नाही, तर. काही जण बाहेरच्या टणक कवचात अडकवायचे लांब, गुळगुळीत स्क्रू वापरतात आणि तिसऱ्या दिवशी दात देतात. ते कोणाच्याच तोंडात टिकत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बाविसातले बावीस दात काढून, साखर ८.६ असताना, २९ मिलिमीटर तोंडात? त्यात घाई फक्त बिलाची असते.

काका : हे म्हणालीस तर ठीक. आता सांग, सहाच्या जागी किती?

पुतणी : उजवीकडे दोन. दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ. दुसऱ्या दाढेची जागा रिकामी ठेवायची.

काका : काऊन? तीन गेलेत ना?

पुतणी : तीन गेले म्हणून तीन बसवायचे, हा हिशेब किराण्याचा झाला. तिथे हात पोचत नाही, ब्रशही पोचणार नाही, आणि पहिल्या दाढेपर्यंत जोडी जुळली की त्याचं काम भागतं. दोन इम्प्लांटांमध्ये तीन मिलिमीटर हाड, इम्प्लांट आणि शेजारच्या खऱ्या दातामध्ये दीड, तेवढं मिळतंय.

काका : वरची उजवी दाढ बघितली का? खाली समोर कोणी नाही म्हणून ती सोळा वर्षांत किती खाली उतरलीय? तिच्याखाली तुझ्या दाताला जागा आहे?

पुतणीने मॉडेल फिरवलं. हे तिने आधी बघितलं होतं, तरी काकांनी आधी विचारल्याचा थोडा राग तिच्या चेहऱ्यावर होता, आणि मला तो बरा वाटला. समोरचा दात गेला की वरचा दात हळूहळू खाली लोंबतो, हाडासकट. खालच्या हिरडीपासून त्या दाढेपर्यंत जागा उरली होती पाच मिलिमीटर. कॅप नीट बसायला साधारण सात लागतात. म्हणजे खालच्या इम्प्लांटचा आराखडा वरच्या दाढेपासून सुरू होतो. ती घासून, रूट कॅनल करून, कॅप घालून वर आणायची, किंवा हाडात एक बारीक पिन रोवून तारेने वर ओढायची. पहिलं जलद, दुसऱ्यात दात शाबूत राहतो पण सहा महिने जातात. त्याच्याकडे धानाच्या हंगामामुळे नाहीतरी सहा महिने आहेतच, म्हणून पुतणी तारेच्या बाजूची. काका कॅपच्या. शेवटी रुग्णाच्या येण्या-जाण्याच्या खेपा किती ते मोजल्यावर कॅप ठरली. सावली ते नागपूर जाऊन-येऊन आख्खा दिवस जातो, आणि वाघाच्या भीतीने संध्याकाळी जंगलाच्या रस्त्याने परतायला लोक नाखूष असतात. दाताच्या आराखड्यात एसटीचं वेळापत्रकही येतं, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही.

काका : वरचं डावीकडचं? दुसरी उपदाढ आणि दाढ.

पुतणी : तिथे सायनस खाली उतरलाय. हाड चार मिलिमीटर. वर हाड भरून, सायनसचा पडदा उचलून, मग इम्प्लांट. मला ते आवडलं असतं.

काका : आवडलं असतं म्हणजे?

पुतणी : म्हणजे मी हट्ट करणार नाही. पुढची उपदाढ रूट कॅनल केलेली आहे, मागच्या दाढेत मोठं सिमेंट भरलेलं आहे. दोघींनाही नाहीतरी कॅप लागणारच. मग त्या दोघींवर चार दातांचा ब्रिज. शाबूत दात कापून ब्रिज करायला माझा विरोध आहे, कापायचेच असलेले दात वापरायला नाही.

काका : (हसून) म्हणजे ब्रिजवाला म्हातारा एकदा तरी बरोबर ठरला.

पुतणी : एकदा.

सर्वांत लांब वाद पुढे झाला, एका दाढेवरून. खालची डावी पहिली दाढ. शेजारच्या दोघी निरोगी, म्हणून ब्रिजसाठी कापायच्या नाहीत हे दोघांनाही मान्य. पुतणीला तिथे एक इम्प्लांट हवाच होता, कारण ब्रिज बसल्यावर वरची दाढ नकली का होईना, येणार, आणि तिला खाली जोडीदार नसेल. काकांनी बोट ठेवलं ते जागेवर. दात गेल्याला दहा वर्षं झाली, मागची दाढ पुढे कलली, आणि दहा-अकरा मिलिमीटरची जागा सातवर आली. सातच्या जागेत दाढेची जागा राहत नाही, उपदाढेची होते. कललेली दाढ सरळ करायची तर पुन्हा तार, पुन्हा खेपा.

काका : ब्रिज असल्यावर वरचा दात खाली उतरत नाही, तो दोन्हीकडून बांधलेला आहे. मग नुकसान काय होतं? सोडून दे ती जागा.

पुतणी : खेड्यातला माणूस म्हणून सोडायची? नागपुरात हाच रुग्ण आला असता तर तुम्ही असंच म्हणाला असता?

काका : खेड्याचा म्हणून नाही, पोरी. पैशाचा म्हणून. दोन इम्प्लांट, त्यांच्या कॅपा, वरचा ब्रिज, वरच्या दाढेची कॅप, सगळे मिळून लाखाच्या आसपास जाते. बेचाळीस क्विंटल धान. तिसरा इम्प्लांट म्हणजे आणखी पंधरा क्विंटल. तो हो म्हणेल, कारण तू मॅडम आहेस. मग कुठून आणेल?

पुतणी : आणि तुम्ही त्याच्या वतीने नाही म्हणता, कारण तुम्ही त्याला ओळखता. त्याच्या पैशाचा निर्णय तुम्ही का घ्यायचा? पर्याय सगळे सांगा, किंमत सगळ्यांची सांगा, धोका सगळ्यांचा सांगा. तो किराणा चालवतो, हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचाही पर्याय सांगा, तिथे खर्च कमी, खेपा जास्त.

काका यावर गप्प राहिले. पुतणीचं हे म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. गरीब माणसाला 'तुला झेपणार नाही' म्हणून चांगली गोष्ट न सांगणं हा डॉक्टरांचा जुना रोग आहे. उलट, सगळं सांगितलं आणि हात झटकले, हाही नवा रोग झालाय. यात मधली वाट असते ती खोलीत रुग्णाला बसवून बोलण्याची. शेवटी त्यांनी तेच केलं, त्याला बोलावलं.

तो आला, खुर्चीवर न बसता बाकावर बसला. पुतणीने मॉडेल हातात देऊन सगळं सांगितलं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा खिळा, हाड त्याला धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या शास्त्रज्ञाला १९५२ मध्ये सशाच्या पायात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा काढता येईना, तिथून हे सुरू झालं. पहिला रुग्ण १९६५ मध्ये, आणि त्या माणसाचे ते खिळे तो २००६ मध्ये वारला तोवर टिकले. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर टिकतात. त्याने हे ऐकून घेतलं, मग विचारलं :

"म्हणजे तो मानूस खर्रा नव्हता खात?"

काका मोठ्याने हसले. पुतणीने हसत हसत सांगितलं की तो कशाचा शौकीन होता ते तिला माहीत नाही, पण तुमचा खर्रा आधी सुटला पाहिजे.

"आन् भातात खडा आला त कळन का या दाताले?"

हा प्रश्न मी कुठल्या परिषदेत ऐकलेला नाही, पण त्याचं उत्तर शास्त्रीय आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो. तो केसाएवढ्या जाडीचा फरकही ओळखतो आणि खडा लागला की जबडा थांबवतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटतो, मध्ये पडदा नाही. खडा उशिरा कळतो, जोर जास्त पडतो, कॅपचा तुकडा उडू शकतो. म्हणून इम्प्लांटच्या दाताची चावायची टेकडी बसकी करतात आणि बाजूने होणारी घासणी टाळतात. पुतणीने त्याला सांगितलं, तांदूळ जरा जास्त निवडा. तो म्हणाला, ते घरच्यांना सांगा.

"डाव्या दाढेचं काय करायचं?" काकांनी त्याला विचारलं. पर्याय तिन्ही सांगितले, किमतीसकट.

तो थोडा वेळ मॉडेलवरच्या सातच्या जागेकडे बघत राहिला. "दोन बसवा आधी. टिकले त पुढच्या चुकाऱ्याले तिसऱ्याचं पाहू. नाई टिकले त तुमच्याच गळ्यात," असं म्हणून तो निघाला. तीन महिन्यांनी पन्नी न घेता यायचं, असं काकांनी दारातून ओरडून सांगितलं.

पुतणी : बघा, म्हणजे तिसरा येणारच.

काका : टिकले तर.

पुतणी : टिकतील.

काका : जूनमध्ये तोंड मोजशील ना, तेव्हा मी समोर असेन. तीस मिलिमीटरच्या आत असलं तर डिसेंबरची तारीख मी खोडणार.

पुतणी : आणि पस्तीस असलं तर?

काका : तर खालच्या डाव्या दाढेवर परत भांडू.